फोनवर नेट पळतं, मग लॅपटॉपवर का रांगतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं जुनं दुमजली घर. खाली पुढच्या खोलीत, दाराच्या वर फायबरचा डबा, म्हणजे राउटर, ठोकलेला. वर मागच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप, २०१९ सालचा. प्लॅन १०० एमबीपीएसचा. त्याच टेबलावर फोन ठेवून स्पीड टेस्ट लावली की ८५-९० येतात, लॅपटॉपवर मात्र ८-१०. संध्याकाळी मीटिंगमध्ये समोरच्याचा आवाज तुटतो. केबलवाले म्हणतात लाइन क्लिअर आहे. दुकानदार म्हणतो लॅपटॉप जुना झाला, नवा घ्या. मित्र म्हणतो फॉरमॅट मारून टाक. घरचे म्हणतात रिपीटर (वायफायचा सिग्नल पुढं पोचवणारा डबा) बसव. तर नक्की काय करायचं?

आधी निकाल सांगतो, कारणं मागनं. केबलवाले खरं बोलतायत. फॉरमॅट मारून तुमचा एक रविवार जाईल, बाकी काही होणार नाही. लॅपटॉप बदलायचीही गरज नाही. बदलायला पाहिजे ते त्यातलं वायफायचं कार्ड. ते पोस्टाच्या तिकिटापेक्षा फार मोठं नसतं आणि साधारण दोन हजारांच्या आसपास मिळतं.

एवढं ठामपणे सांगतोय ते तुम्ही सोबत जोडलेल्या स्क्रीनच्या फोटोमुळं. बहुतेक जण स्पीड टेस्टचा आकडा पाठवतात. त्यातून नेट स्लो आहे एवढंच कळतं, आणि ते तर तुम्हाला आधीच माहीत असतं. तुम्ही वायफायच्या प्रॉपर्टीजचं पान पाठवलंत, त्यात सगळं आहे. ज्यांना हे पान माहीत नाही त्यांच्यासाठी: विंडोजच्या सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग वायफाय, आणि तुमच्या नेटवर्कच्या नावासमोरची प्रॉपर्टीज. खाली सरकत गेलात की बारीक अक्षरात चार-पाच ओळी दिसतात. पैसे खर्च करण्याआधी त्या वाचायच्या.

तुमच्या फोटोतल्या ओळी वाचू. प्रोटोकॉल: वायफाय ४. बँड, म्हणजे लहरींचा पट्टा: २.४ गिगाहर्ट्झ. चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्यातली जागा: ६. लिंक स्पीड: ३९ आणि २६. आणि शेवटी कार्डाच्या नावापुढं ‘८०२.११ बी/जी/एन’.

लिंक स्पीड म्हणजे लॅपटॉप आणि राउटर या दोघांनी आपसात ठरवलेला वेग. इंटरनेटचा त्याच्याशी संबंध नाही. केबल कापून टाकली तरी तो आकडा तसाच दिसेल. पहिला आकडा राउटरकडून लॅपटॉपकडे येण्याचा, दुसरा लॅपटॉपकडून राउटरकडे जाण्याचा. आणि तो कागदावरचा वेग असतो. वायफायवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं, त्यात पोच द्यायची, थांबायचं, बिघडलेलं परत पाठवायचं, असा वेळ जातो. म्हणून हातात साधारण निम्मा पडतो. ३९ चा निम्मा वीसच्या आत. त्यातून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायनं त्याच चॅनेलवरचा वेळ खाल्ला की ८-१० उरतात. म्हणजे तुमचा स्पीड टेस्टचा आकडा गूढ नाही, हिशोबात बसतो. केबलवाल्यांनी उद्या ३०० चा प्लॅन दिला तरी टेबलावर ८-१० च येणार.

आता ती शेवटची अक्षरं. वायफायच्या एकेका पिढीला एकेक अक्षर आहे. बी आणि जी हे २.४ वाले. ए हा ५ गिगाहर्ट्झवाला, १९९९ मध्ये आलेला. एन, म्हणजे वायफाय ४, २००९ चा, दोन्हीकडं चालतो, पण कार्ड बनवणाऱ्यानं दोन्ही रेडिओ (लहरी पाठवणारे-पकडणारे भाग) घातले असतील तरच. एसी, म्हणजे वायफाय ५, फक्त ५ गिगाहर्ट्झवर. एएक्स, म्हणजे वायफाय ६, दोन्हीवर. तुमच्या कार्डावर बी, जी, एन आहे. ए नाही, एसी नाही. म्हणजे ५ गिगाहर्ट्झचा रेडिओच आत नाही. सेटिंग बदलून, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून किंवा फॉरमॅट मारून तो येत नाही. फोन त्याच टेबलावर ५ पकडून बसलाय आणि लॅपटॉप २.४ च्या गर्दीत उभा आहे, एवढाच सगळा फरक. २०१९ मध्येसुद्धा कमी बजेटच्या लॅपटॉपमध्ये अशी कार्डं सर्रास यायची. खरेदी करताना आपण रॅम विचारतो, हार्डडिस्क विचारतो, वायफाय कार्ड कोणतं हे कुणी विचारत नाही.

एक खात्री मात्र करा. फोनवर टेस्ट घेताना मोबाइल डेटा बंद होता ना? काही फोन वायफाय कमजोर वाटलं की गुपचूप सिमवरचा डेटा वापरतात. डेटा बंद करूनही ८५ येत असतील तर माझं वरचं सगळं तसंच राहतं. नसतील, तर आधी राउटरची जागा बघायला लागेल.

२.४ आणि ५ मध्ये एवढा फरक का, हे जरा नीट सांगतो, कारण पेठांमधल्या प्रत्येक घराला ते लागू आहे. २.४ च्या पट्ट्यात सगळी मिळून जागा आहे ८३.५ मेगाहर्ट्झ. एक वायफाय कमीत कमी २० मेगाहर्ट्झ अडवतं. म्हणजे एकमेकांच्या अंगावर न येता तीनच जण बसतात: चॅनेल १, ६ आणि ११. मंगळवार पेठेत, शिवाजी पेठेत, महाद्वार रोडच्या मागच्या बोळांत भिंतीला भिंत लागून घरं. गच्चीवर उभं राहून फोनमध्ये वायफायची यादी उघडा, नावं वाचून दमाल. ते सगळे या तीन चॅनेलमध्ये. त्यात ब्लूटूथ त्याच पट्ट्यात, मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच पट्ट्यात, कॉर्डलेस माउसचा डोंगल त्याच पट्ट्यात. उलट ५ गिगाहर्ट्झमध्ये केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०१८ मध्ये नियम बदलून तब्बल ६०५ मेगाहर्ट्झ विनापरवाना मोकळे केले. कुठं ८३ आणि कुठं ६०५. शिवाय ५ ची रेंज कमी, भिंतीत लवकर मरतो, हा दोष पेठेत गुण ठरतो: शेजाऱ्याचा ५ तुमच्यापर्यंत फारसा पोचतच नाही.

संध्याकाळी जास्त त्रास का, याचं उत्तरही इथंच आहे. आठनंतर सगळी गल्ली घरी येते. टीव्ही वायफायवर, फोन वायफायवर, एखादी मॅच असली तर विचारूच नका. तुम्ही सकाळी सहाला टेस्ट घ्या, लॅपटॉपवर १८-२० येतील. राउटर तोच, लॅपटॉप तोच, फक्त शेजारी झोपलेले.

मीटिंगमध्ये आवाज तुटतो, त्यात आणखी एक भर असण्याची शक्यता आहे. तुम्ही ब्लूटूथ हेडफोन वापरता का? अशा स्वस्त कार्डात वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर असतात आणि बऱ्याचदा अँटेनाही एकच असतो. दोघं आळीपाळीनं तो वापरतात. हेडफोनला सतत आवाज जायचा असतो, त्यामुळं वायफायच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. साधा वायरचा हेडफोन लावून एक मीटिंग करून बघा. फुकटातला उपाय आहे आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. तसंच लॅपटॉपच्या वायफायच्या बाजूला यूएसबी ३ ची बाहेरची हार्डडिस्क किंवा हब लावलेला असेल तर तो काढून बघा. यूएसबी ३ ची केबल २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करते. इंटेलनंच २०१२ मध्ये त्यावर सविस्तर कागद काढला होता.

आता कार्ड बदलण्याकडं येऊ. तुम्ही स्वतः करू शकता, फक्त घाई नको.

आधी लॅपटॉपच्या मॉडेलचा सर्व्हिस मॅन्युअल किंवा उघडतानाचा व्हिडिओ शोधून बघा की कार्ड सुटं आहे का बोर्डावरच डाग दिलेलं आहे. अगदी पातळ लॅपटॉपमध्ये ते डाग दिलेलं असतं, मग हा रस्ता बंद. तुमच्या जाडीच्या लॅपटॉपमध्ये सुटं असायला हरकत नाही. सुटं कार्ड बहुतेक एम डॉट टू प्रकारचं, २२ बाय ३० मिलिमीटरचं. २०१३-१४ च्या आधीच्या लॅपटॉपमध्ये हाफ मिनी पीसीआय एक्सप्रेस नावाचं थोडं मोठं कार्ड असायचं, ते वेगळं. दोन्ही एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत. त्या जुन्या लॅपटॉपांत काही कंपन्या बायोसमध्येच (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) ठराविक कार्डांची यादी घालून ठेवायच्या, बाहेरचं कार्ड लावलं की लॅपटॉप सुरू व्हायलाच नकार देतो. २०१९ च्या मशीनला तो त्रास सहसा नसतो, तरी मॉडेलचं नाव घालून एकदा शोधून घ्या.

कार्ड कोणतं? इंटेलचं एएक्स २०० किंवा एएक्स २१०. नंबर नीट वाचा. एएक्स २०१ आणि एएक्स २११ ही दिसायला तशीच, पण ती अर्धीच कार्डं आहेत. उरलेला भाग इंटेलच्या ठराविक प्रोसेसरांमध्ये असतो. तुमच्या मशीनला ती चालतील याची खात्री नाही, एएमडी प्रोसेसर असेल तर चालणारच नाहीत. २०० आणि २१० पूर्ण कार्डं आहेत, इंटेल असो वा एएमडी, दोन्हीकडं चालतात. राजारामपुरीत कॉम्प्युटरच्या दुकानात विचारलंत तर एक-दोन दिवसांत मागवून देतात. ‘सेम टू सेम आहे’ म्हणून दुसरंच हातात ठेवलं तर घेऊ नका.

उघडायच्या आधी घरच्या वायफायवरून नव्या कार्डाचा ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. कार्ड बदललं, विंडोजला ओळखता आलं नाही, आणि ड्रायव्हर उतरवायला नेट नाही, अशी पंचाईत बरेच जण करून घेतात. लॅपटॉप पूर्ण बंद करायचा, नुसता स्लीपवर ठेवायचा नाही. चार्जर काढायचा. मागचे स्क्रू काढताना कुठला कुठून निघाला ते कागदावर तसंच मांडून ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरच्या बाजूला टेंगूळ येतं. झाकण उघडलं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं.

कार्डावर एक स्क्रू आणि एक किंवा दोन बारीक वायरी दिसतील, एक काळी, एक पांढरी किंवा करडी. या अँटेनाच्या वायरी, बिजागरीतून स्क्रीनच्या कडेपर्यंत गेलेल्या असतात. टोकाला ज्वारीच्या दाण्याहून लहान अशी गोल पितळी टोपी असते. ती वायरीला धरून ओढायची नाही, टोपीखाली नख घालून सरळ वर उचलायची. नव्या कार्डावर ती बसवताना बरोबर मध्यावर आणून बोटानं दाबली की हलकीशी ‘टक’ लागते. तिरकी दाबली तर आतली सुई वाकते आणि मग कार्ड गेलं. घाम इथंच फुटतो, बाकी सगळं सोपं आहे.

तुमच्या लॅपटॉपात एकच वायर असण्याची शक्यता मी धरून चालतोय, कारण कार्ड एका अँटेनाचं असेल तर कंपनी दुसरी वायर घालायचे पैसे वाचवते. घाबरू नका. नवं कार्ड दोन अँटेनांचं असलं तरी एकीवर चालतं, फक्त निम्म्या वेगानं. तुमचा राउटर वायफाय ५ चा असेल तर एका अँटेनावर जास्तीत जास्त लिंक स्पीड ४३३ मिळतो, दोनवर ८६६. तुमच्या १०० च्या प्लॅनला ४३३ सुद्धा भरपूर झाले. पण उघडलंच आहे तर चिकटपट्टीवाला एक सुटा अँटेना घेऊन झाकणाच्या प्लास्टिकच्या कडेला आतून चिकटवून टाका. धातूच्या पत्र्याला चिकटवू नका, मग तो नसल्यासारखाच.

स्क्रू काढायची इच्छा नसेल तर यूएसबीचं वायफाय अडॅप्टर आहे. त्यावर ‘ड्युअल बँड’ लिहिलेलं बघूनच घ्या. नुसतं १५० किंवा ३०० लिहिलेलं नखाएवढं अडॅप्टर बहुधा २.४ चंच असतं, म्हणजे जिथून निघालो तिथंच परत. आणि नखाएवढ्यापेक्षा थोडा लांब अँटेना असलेलं बरं.

हे झालं तुमच्यापुरतं. पण हा प्रश्न ज्यांचं कार्ड चांगलं आहे असेही लोक विचारतात, त्यांचं दुखणं वेगळं असतं. त्यांनीही आधी तेच पान उघडायचं. कार्डाच्या नावात एसी किंवा एएक्स आहे आणि तरीही बँडसमोर २.४ लिहिलंय, हे सगळ्यात जास्त दिसतं. राउटरनं दोन्ही बँडांना एकच नाव दिलेलं असतं, लॅपटॉपला २.४ चा सिग्नल जोरात ऐकू येतो आणि तो तिकडं चिकटतो. दोन उपाय. राउटरमध्ये जाऊन ५ चं नाव वेगळं करा आणि लॅपटॉपमधून जुनं नाव विसरायला लावा. किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबखाली ‘प्रिफर्ड बँड’ असतो, तिथं ५ निवडा. सगळ्या कार्डांत हा पर्याय नसतो.

बँड ५ आहे आणि लिंक स्पीड तरीही बरोबर ५४ वर अडकलाय? मग राउटरची सुरक्षा बघा. डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी या जुन्या पद्धती निवडलेल्या असतील तर एन आणि त्यापुढचे वेग नियमानंच बंद होतात. डब्ल्यूपीए २ एईएस किंवा डब्ल्यूपीए ३ करा. राउटरमधलं डब्ल्यूएमएम नावाचं बटण कुणी ‘ऑप्टिमाइझ’ करायच्या नादात बंद केलं असेल तरीही हेच होतं.

लिंक स्पीड झकास, चारशे-आठशे, पण स्पीड टेस्ट रडतेय? मग हवेचा दोष नाही. इथं पिंग, म्हणजे हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजणं, कामाला येतो. कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी राउटरच्या पत्त्याला पिंग लावा, बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ असतो, आणि पाच मिनिटं चालू ठेवा. आकडे १ ते ५ मिलिसेकंदांत शांत चालले असतील तर लॅपटॉप ते राउटर रस्ता साफ आहे. मधेच २००, ३०० च्या उड्या किंवा ‘टाइम्ड आउट’ येत असेल तर दोष हवेत किंवा कार्डात. राउटरचा पिंग शांत आणि ८.८.८.८ (इंटरनेटवरचा गुगलचा सर्व्हर) चा उड्या मारतोय, तर मात्र केबलवाल्यांना फोन करा. त्यांना ‘नेट स्लो आहे’ सांगू नका, ते ‘डबा बंद करून चालू करा’ एवढंच सांगतील. डब्यातला ऑप्टिकल पॉवर, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचा जोर, विचारा. उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या दरम्यान असेल तर ठीक. उणे २७ च्या पलीकडं गेला असेल तर फायबर कुठंतरी वाकली आहे किंवा जोड खराब आहे. हा आकडा विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडं माणूस जरा लवकर येतो, हा अनुभव आहे.

आणि बिट-बाइटचा घोळ. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे साडेबारा मेगाबाइट. फाइल उतरताना ब्राउझर ११ मेगाबाइट दाखवत असेल तर तुमचं नेट पूर्ण वेगानं चाललंय. ‘१०० चे पैसे घेतात आणि ११ च देतात’ असं म्हणून भांडायला जाऊ नका.

लॅपटॉपच्या आतल्या कारणांपैकी तीनच सांगण्यासारखी. एक, बॅटरीवर असताना कार्ड वीज वाचवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली ‘वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्या’ अशा अर्थाची टिक काढा. चार्जर लावल्यावर नेट सुधारत असेल तर हेच कारण. दोन, मागं काय उतरतंय किंवा चढतंय ते टास्क मॅनेजरमध्ये नेटवर्कच्या रकान्यावर क्लिक करून बघा. फोटोंचा क्लाउडवर चाललेला बॅकअप अपलोड भरून टाकतो आणि अपलोड भरला की डाउनलोडही गुदमरतो. विंडोजचं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन इतर कॉम्प्युटरांना अपडेट वाटत बसतं, तेही बंद करून ठेवा. तीन, जुन्या फिरत्या हार्डडिस्कचा लॅपटॉप असेल आणि डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर असेल तर पान उघडायला लागणारा वेळ नेटचा नाहीच, डिस्कचा आहे. अशा वेळी एसएसडी टाका, नेटला शिव्या देऊ नका.

ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या किंवा कार्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून घ्या. ‘स्पीड बूस्टर’ नावाची जी काही सॉफ्टवेअरं आहेत ती टाकू नका. विंडोज २० टक्के नेट राखून ठेवतं, ते सेटिंग बदला, ही वर्षानुवर्षं फिरणारी थाप आहे. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलल्यानं पान उघडायला सुरुवात थोडी लवकर होईल, डाउनलोडचा वेग वाढत नाही. राउटरमागं चांदीचा कागद लावण्याबद्दल मी काही बोलत नाही.

राउटरची जागा मात्र खरंच महत्त्वाची, आणि आपल्याकडं ती ठरवतो केबल ओढणारा मुलगा. वायर जिथून आत येते तिथं, दाराच्या चौकटीवर, खिळा ठोकून डबा टांगतो आणि जातो. तुमच्या घरी दगडी जोतं, खाली हातभर जाडीच्या भिंती, वर नंतर टाकलेला स्लॅब, असं असणार. जाड दगडी भिंत आणि लोखंडी सळ्यांचा स्लॅब, दोन्ही सिग्नल खातात, आणि ५ गिगाहर्ट्झ तर जास्तच. फोनवर ८५ येतायत म्हणजे तुमच्याकडं कसंबसं पोचतंय, बहुधा जिन्याच्या मोकळ्या जागेतून. डबा जिन्याच्या तोंडाशी सरकवता आला तर सरकवा, फायबरची वायर थोडी जास्त मागून घ्या. लोखंडी कपाटाच्या मागं किंवा टीव्हीच्या मागं लपवू नका. उद्यमनगरात पत्र्याच्या केबिनमध्ये बसणाऱ्यांना मी जागा बदलायलाही सांगत नाही, तिथं सरळ वायर ओढा.

कार्ड येईपर्यंत २.४ वरच दिवस काढायचे आहेत, तर राउटरमध्ये दोन गोष्टी करा. गच्चीवरून नाही, टेबलावरूनच, फोनमध्ये वायफाय ॲनालायझर प्रकारचं ॲप उघडून १, ६, ११ पैकी कुठं गर्दी कमी आहे ते बघा आणि तो चॅनेल हातानं निवडा. ३ किंवा ४ रिकामा दिसला म्हणून तिथं जाऊ नका. दोन्हीकडचा त्रास होतो आणि दोन्हीकडच्यांना तुम्ही त्रास देता. ‘ऑटो’वर ठेवलं तर कित्येक राउटर फक्त चालू होतानाच चॅनेल निवडतात, आणि लाइट जाऊन आली की सगळी गल्ली एकदमच चालू होते. दुसरी गोष्ट, २.४ ची रुंदी ४० मेगाहर्ट्झवर असेल तर २० करा. आकडा लहान दिसेल, काम चांगलं होईल. ५ वर मात्र ८० च ठेवा, आणि चॅनेल ३६ किंवा १४९. ५२ ते १४४ मधले चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. राउटरला रडारची चाहूल लागली की त्याला चॅनेल सोडावा लागतो आणि तुमची मीटिंग मधेच लटकते.

राहिला रिपीटर. घरच्यांचा सल्ला वाईट नाही, पण तुमच्या दुखण्यावरचा तो इलाज नाही. लॅपटॉपला ५ कळतच नाही, तर रिपीटरही त्याच्याशी २.४ वरच बोलणार, त्याच गर्दीत आणखी एक जण वाढवून. शिवाय स्वस्त रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळं वेग निम्मा होतो. घरात वरच्या मजल्यावर इतरांनाही त्रास असेल तर कॅट ६ ची (नेटवर्कची) एक वायर जिन्यातून वर न्या आणि तिथं दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट करून, म्हणजे फक्त वायफाय देण्यापुरता, लावा. वायर अस्सल तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती वाकवून मोडते. आठपैकी एक तार तुटली तरी गिगाबिटची लाइन १०० वर येऊ शकते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ती वायर वर गेलीच तर तिचं एक टोक लॅपटॉपलाही लावा. लॅनचा पोर्ट असेल तर मीटिंगसाठी त्याच्यापुढं कुठलंही वायफाय नाही.

कार्ड बसवून झाल्यावर परत तेच प्रॉपर्टीजचं पान उघडा. बँड ५ दिसला पाहिजे. दोन्ही अँटेना लावले असतील तर डब्याच्या खोलीत उभं राहून लिंक स्पीड ८६६ किंवा त्याच्या जवळपास यावा, वर टेबलावर तीनशे-चारशे आला तरी चालेल. खाली डब्यासमोरसुद्धा तो ४३३ च्या वर जात नसेल तर एक टोपी नीट बसलेली नाही, झाकण परत उघडून दाबा.